पाय कुठे, तोंड कुठे

कंट्रोलचा प्रकार (एकावरच खूण करा)
☐ जॉयस्टिक
☐ कीबोर्ड आणि माउस

भाचीने हा कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा पेनचं टोपण आधीच काढलेलं होतं.

"घाई नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी सहापर्यंत लीगवाल्यांना पाठवायचाय."

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग टोपण लाव. शाई वाळेल."

तिने टोपण लावलं नाही. भाचीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे एक खोली, खोलीत चार टेबलं आणि चार खुर्च्या. मंगळवार, गुरुवार आणि रविवार आम्ही चौघं तिथे खेळतो. भाची कॅप्टन. एक दातांचा डॉक्टर, एक कुरिअरवाला, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी. शनिवारी दुपारी चारला लीगमध्ये शिरण्याचा सामना होता. जिंकलो तर आत, हरलो तर पुढच्या वर्षी.

"तू जॉयस्टिकवरच राहिलीस," भाची हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरशी बोलल्यासारखं म्हणाली, "तर शनिवारी तुझ्या खुर्चीत मला बाईंना बसवावं लागेल."

बाई म्हणजे गणिताची बाई. महिन्यापूर्वी संघात राखीव म्हणून आली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वह्या तपासत होती. तिने मान वर केली, चष्मा सावरला आणि परत खाली घातली. तिची काही चूक नव्हती. चांगलं खेळणं ही काय चूक म्हणायची!

मदत: हा खेळ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

मेक म्हणजे तीन मजली उंचीचं, दोन पायांचं लढाऊ यंत्र. आत तुम्ही. पाय एकीकडे चालतात, कंबरेवरचा भाग दुसरीकडे वळतो, हातांच्या जागी तोफा. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी भांडण करून घराबाहेर पडणारा माणूस आठवावा. पाय दाराकडे, तोंड अजून आत.

मी पोकलेन चालवते. बावीस वर्षं. पोकलेन म्हणजे खाली चेन, वर गरगर फिरणारी केबिन आणि पुढे लांब हात. खणायचं, वळायचं, ओतायचं, परत वळायचं. दोन वर्षांपूर्वी भाचीने मला हा खेळ दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे तर माझंच मशिन. फक्त पाय फुटलेत."

तेव्हा तिनेच मला दोन जॉयस्टिक बनवून दिल्या. भंगारातल्या स्प्रिंगा, जुन्या लिव्हरची रबरी मूठ, टेबलाला शिकंज्याने आवळलेल्या. डावी पायांची, उजवी कंबरेची. ढकलली की चालतं, सोडली की थांबतं. अगदी केबिनसारखं. महिनाभर ती माझ्याकडून मोजमापं घेत होती. आता तीच म्हणत होती, काढून ठेव.

आणि ती खुर्ची मला हवी होती. का, ते सांगते. केबिनची काच बंद केली की दहा तास माझ्याशी कोणी बोलत नाही. मुकादम हातवारे करतो, मी हॉर्न वाजवते, हा आमचा संवाद. या खोलीत कानाला हेडफोन लावला की तीन माणसं एकाच वेळी माझ्या डोक्यात भांडत असतात. डॉक्टर पेशंटवर करायची ती सगळी चिडचिड इथे करतो. कुरिअरवाला प्रत्येक नकाशात जवळचा रस्ता सांगतो आणि तो कधीच जवळचा नसतो. हे सोडून स्टुलावर बसायचं, वह्यासुद्धा नसताना?

नेम

चालतं लक्ष्य, पन्नास गोळ्या, सगळ्यांना सारख्या.

गणिताची बाई, माउस: ४४
भाची, माउस: ४१
डॉक्टर, माउस: ३६
कुरिअरवाला, माउस: ३५
मी, जॉयस्टिक: १९

"आकडे खोटं बोलत नाहीत, मावशी."

"आकडे बोलतच नाहीत. बोलतेस तू."

"बरं, मी बोलते. माउस म्हणजे बोट दाखवणं. इथे दाखवलं की तोफ इथे. जॉयस्टिक म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पत्ता सांगणं. आधी डावीकडे, मग थोडं पुढे, मग अरे, गेलंच की पुढे."

कुरिअरवाला हसला. पत्त्याचं त्याला लागलं असावं.

मी कागद घडी करून खिशात घातला. "शिकते मी माउस. दोन संध्याकाळी दे मला. यापेक्षा अवघड गोष्टी शिकलेय." हे फुशारकीने म्हटलं नाही. ओल्या मातीच्या उतारावर वीस टनांचं धूड उभं करायला शिकलेली बाई हाताएवढा माउस शिकणार नाही, असं कोणी म्हणू नये.

आणि शिकले. मंगळवारी चोवीस. बुधवारी संध्याकाळी एकतीस. भाचीने मिठी मारली. डॉक्टर म्हणाला, "बघा, दुखलं का? नाही ना?"

मग आम्ही ओळखीच्या एका संघाबरोबर सरावाची फेरी लावली.

माउस

डब्ल्यू. पुढे. डब्ल्यू, डब्ल्यू. वेग पूर्ण. माउस डावीकडे. दिसला. क्लिक. लागला! क्लिक. लागला. माउस उजवीकडे. दुसरा. क्लिक. "वा मावशी!" क्लिक. मग डावीकडून धाडकन काहीतरी. पडदा लाल. कुठून? कळेना. संशय.

हात सोडले.

"मावशी, पुढे कुठे चाललात?" डॉक्टर.

"कुठेही नाही. थांबलेय."

"थांबला नाहीत. माझ्या समोरून चालताय. मी गोळी झाडू कशी?"

"मी सोडलंय!"

"काय सोडलंय?"

"हात! दोन्ही!"

"मावशी," भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझे हात वर आहेत."

"म्हणजे थांबलेय!"

"मावशे, कीबोर्डवर वेग एकदा लावला की लागलेलाच राहतो. सोडला तरी चालतच राहतं!"

"कुठे?"

"पाण्यात," कुरिअरवाला म्हणाला. "तो जवळचा रस्ता आहे."

माझं यंत्र बंदराच्या धक्क्याच्या कडेवरून पूर्ण वेगात, ताठ मानेने, समुद्रात गेलं.

दोन्ही हात सोडणे ............ (काही नेमलेले नाही)

ज्या उस्तादाने मला मशिन शिकवलं त्याने पहिल्या दिवशी चावी दिली नाही. हात लिव्हरवर ठेवायला लावले आणि म्हणाला, सोड. परत ठेव. सोड. दिवसभर तेवढंच. "संशय आला की हात सोड. मशिन जागच्या जागी थांबेल. मग विचार कर. आधी विचार करशील तर आधी माणूस मरेल." बावीस वर्षांत माझ्या मशिनखाली कोणी आलं नाही. एकदा पाण्याचा पाइप फुटला, तो नकाशात नव्हता.

ही सवय दोन संध्याकाळींत जायची नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती घालवायची नव्हती. शुक्रवारी मी धक्क्यावर हात वर न करायला शिकले आणि सोमवारी केबिनमध्ये हात सोडायला विसरले, तर?

बुधवारी घरी जाताना भाची म्हणाली, "सरावाने होईल."

"होईल," मी म्हणाले. "तेच नकोय."

मागे वळणे

गुरुवार, सकाळ, कामावर.

इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात दोन पोकलेन होती. एकावर मी, दुसऱ्यावर नवा ऑपरेटर, तिसरा आठवडा. मातीचा डंपर भरून झाला, नव्या ऑपरेटरची केबिन पूर्ण मागे फिरलेली होती, आणि त्याला पुढे सरकायचं होतं. त्याने पुढचं पेडल दाबलं. मशिन मागे निघालं, सिमेंटच्या पाइपांच्या चळतीकडे.

मी हॉर्नवर तळहात दाबून धरला. त्याने पेडलवरून पाय उचलला. दोन फुटांवर थांबला.

मी उतरून त्याच्या पायरीवर चढले. घामाघूम झाला होता. "ताई, मी पुढे दाबलं. आईशपथ, पुढेच दाबलं."

"पुढेच दाबलंस. पण पुढे कुणाचं? तुझं की चेनचं?"

नवा ऑपरेटर ही चूक एकदा करतोच. केबिन फिरली तरी चेन फिरत नाही. तुमचं तोंड उलटं झालं की तुमचं 'पुढे' चेनचं 'मागे' होतं. म्हणून आमच्यात मशिन हलवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो, मोठ्याने, लाज न बाळगता: पाय कुठे?

"म्हण," मी म्हटलं.

"पाय कुठे?" तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने खाली वाकून चेन बघितली. "मागे."

"मग?"

"मग मागचं पेडल दाबतो."

मशिन पुढे सरकलं. मी पायरीवरून उतरले आणि तिथेच, चिखलात उभी राहून, मला गेल्या रविवारचा सामना दिसला. डॉक्टर शत्रूकडे तोंड करून मागे हटतोय, हटतोय, आणि पाठ भिंतीला लागते. कुरिअरवाला मागे हटतोय आणि डॉक्टरवर आदळतो. भाची, आमची कॅप्टन, एक्केचाळीसवाली, गोळ्या झाडत झाडत एका खांबाला अडकते आणि तिथेच मरते.

मुकादमाने लांबून हात हलवला. काय झालं? मी हॉर्न वाजवला. काही नाही.

चित्रफीत: पुन्हा दाखवा

"शेवटचे पाच सामने लाव," दुकानात शिरल्या शिरल्या मी म्हणाले.

"आपले चांगले शॉट काढून ठेवलेत मी वेगळे."

"शॉट नकोत. आपण मेलो कसे ते दाखव."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मग काउंटरवरचा उघडा लॅपटॉप बाजूला सारला आणि लावलं. डॉक्टर आणि कुरिअरवाला मागून वाकून बघत होते. बाई वही घेऊन आली आणि न सांगता रेघा मारायला लागली.

पाच सामने, एकोणीस मरणं. अकरा वेळा यंत्र कशाला तरी पाठीने अडकलेलं होतं: भिंत, खांब, कंटेनर, डॉक्टर.

"मी तीन वेळा?" डॉक्टर म्हणाला.

"चार," बाई म्हणाली. "एकदा कुरिअरवाल्यांनी तुमच्यात पार्किंग केलं."

"आणि मावशी?"

बाईने रेघा मोजल्या. "मावशी पाच वेळा मेल्या. पाठीने एकदाही नाही."

"आता कुठे लागलंय ते बघा," मी म्हटलं. "मेल्यावरचं चित्र थांबव." मेल्यावर खेळात यंत्राचा नकाशा येतो, जिथे जिथे मार बसला तिथे लाल. भाचीचं यंत्र: छातीवर एक लाल भोक, बाकी कोरं करकरीत. डॉक्टरचं: तसंच. कुरिअरवाल्याचं: तसंच. माझं: डावा खांदा लाल, उजवा लाल, दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं थोडं थोडं. आख्खं यंत्र वापरून संपलेलं.

डॉक्टर पुढे वाकला. "हे तर... एकाच दाताची मुळापर्यंत कीड आणि बाकीचे एकतीस शाबूत."

"तुम्ही माउसवाले," मी म्हटलं, "ज्याच्यावर बोट ठेवता त्याच्यावरून डोळा काढत नाही. गोळी झाडलीत तरी त्याच्याकडे छाती काढून उभे. तो सगळ्या गोळ्या तिथेच घालतो. मी झाडली की वळते. का? कारण बकेट भरली की वळायचंच असतं. दिवसातून हजार वेळा वळते मी. तोफ भरेपर्यंत खांदा पुढे, भरली की परत समोर."

"मग तुझा नेम का एकोणीस?" भाची.

"कारण नेम माझं काम नाही. नेमाला तुम्ही तिघं आहात. मला दारात उभी कर."

"दारात?"

"बंदराच्या नकाशात कंटेनरांच्या दोन भिंतींमध्ये फट आहे बघ. तिथून येतात ना सगळे? तिथे मी. तुम्ही मागे. त्यांनी मला मारत बसायचं, तुम्ही त्यांना. आणि मागे हटायचं असलं की मी सांगेन कोणाचे पाय कुठे आहेत ते."

कुरिअरवाल्याने नकाशा उघडला आणि पहिल्यांदाच रस्ता न सांगता बघत राहिला.

"मावशी," भाची सावकाश म्हणाली, "तू म्हणतेस ते पटतंय. पण हे चार जणांत तीनच बंदुका घेऊन लढणं आहे. आणि माझ्याकडे चव्वेचाळीसवाली बसलीय. चूक झाली तर संघाला मी काय सांगू? मावशी म्हणाली म्हणून?"

"नको सांगूस. तुला पटलं तरच कर."

"उद्या एक फेरी खेळून बघू."

शुक्रवारी साडेचारला खेळलो. मी जॉयस्टिकवर, दारात. हरलो. पण माझं यंत्र चार मिनिटं दहा सेकंद दारात उभं राहिलं, आणि त्या चार मिनिटांत कोणीही भिंतीला पाठ लावली नाही. हरलो ते शेवटी, कुरिअरवाल्याने उत्साहात दार सोडून जवळचा रस्ता घेतला म्हणून.

पाच चाळीस. मी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, आणि खूण केली.

☑ जॉयस्टिक

भाचीने बघितलं. "म्हणजे तू ठरवलंस."

"माझं मी ठरवलं. खुर्चीचं तू ठरव. तू कॅप्टन आहेस, मी काय रुसून बसणार नाही. बसले तरी दोनच दिवस."

"मावशी..."

"अगं, मी माउसवर खेळले तर तुला वाईट माउसवाली मिळेल. जॉयस्टिकवर खेळले तर चांगली मी मिळेन. नको असेल तर नको म्हण. पण अर्धीमुर्धी घेऊ नकोस."

तिने कागद घेतला, तिची कॅप्टनची सही केली, चौघांच्या नावांच्या रांगेत काहीतरी लिहिलं, फोटो काढला आणि पाठवला. मला दाखवला नाही. मीही विचारलं नाही. कपाटातून माझी पिशवी काढली आणि घरी आले. काळजी वाटली का? नाही. पण आमटीत मीठ दोनदा घातलं, हे कबूल.

शनिवार, पावणेचार

दाराजवळच्या टेबलावर दोन्ही जॉयस्टिक होत्या. शिकंजे नव्याने आवळलेले. उजवीची स्प्रिंग बदललेली, चकचकीत. मी मूठ ढकलून सोडली. टक्, जागच्या जागी.

भाची केबल लावत होती, वर न बघता म्हणाली, "जुनी स्प्रिंग सैल झाली होती. हुकलेल्यांतल्या तीनचार तिच्यामुळे असतील."

"आणि बाई?"

"मी इथे आहे," स्टुलावरून बाई म्हणाली. तिच्या मांडीवर वही होती, पण मुलांची नव्हती. पानभर बंदराचा नकाशा काढला होता. "मला सांगितलंय प्रत्येकाचे पाय कुठे आहेत ते लिहून ठेवायला. ताई, खरं सांगू? मला दारात उभं केलं असतं तर मी पळाले असते."

"पळायला पण पाय कुठे आहेत ते माहीत लागतं, बाई."

हेडफोनमध्ये पंचाचा आवाज आला. चौघांची नावं, चौघांचे कंट्रोल. माझ्यापाशी तो अडखळला. "जॉयस्टिक? बरोबर आहे ना हे? सामना सुरू झाला की बदलता येणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

कंबर वळवणे ............ उजवा हात

ते फटीतून आले तसे एकापाठोपाठ एक चौघं, आणि पहिल्याने मला बघून छातीवर मारायला सुरुवात केली तशी मी उजवी मूठ ढकलून डावा खांदा पुढे केला, त्याची गोळी खांद्यावर गेली, मी परत वळले, एक झाडली, ती लागली नाही, त्याचं काही नाही, परत वळले, आता उजवा खांदा, आणि माझ्यामागून भाचीची तोफ माझ्या काखेखालून गेली आणि त्याच्या गुडघ्यात बसली, "वा कॅप्टन!", परत समोर, परत डावा खांदा, डावा खांदा लाल, डावा हात गळून पडला, जाऊ दे, त्यात तोफ होती पण नेम नव्हता, परत उजवा, "डॉक्टर, पाय कुठे?", "कुठे म्हणजे?", "तुमचे पाय भिंतीकडे आहेत, तोंड नका हलवू, पाय वळवा," "वळवले!", "आता मागे या," आणि तो आला, न आदळता, आयुष्यात पहिल्यांदा, आणि माझी उजवी मूठ जात होती येत होती, जात होती येत होती, जशी खड्ड्यावरून डंपरवर आणि डंपरवरून खड्ड्यावर जाते, मोजायची गरज नाही, विचार करायची गरज नाही, पहिला पडला, दुसरा पडला, "कुरिअर, तुम्ही कुठे चाललात?", "जवळचा...", "नाही!" असं आम्ही तिघं आणि स्टुलावरून बाई एकदम ओरडलो, आणि तो थांबला, आणि तेव्हा डावीकडून, कंटेनरवर चढलेल्या त्यांच्या तिसऱ्याने माझ्यावर काहीतरी मोठं सोडलं, सगळा पडदा लाल झाला, कुठून आलं ते कळलं नाही, संशय आला,

हात सोडले.

यंत्र थांबलं. दारात. जागच्या जागी.

मी बघितलं. वर, डावीकडे, निळ्या कंटेनरवर. "वर, डावीकडे, निळ्यावर," मी सांगितलं आणि मुठी परत धरल्या, आणि उजवा हातही गेला, आता माझ्याकडे एकही तोफ नव्हती, फक्त खांदे होते आणि तेही अर्धे, पण दार अडवायला तोफ कुठे लागते, दार अडवायला रुंदी लागते, आणि मी वळत राहिले, डावीकडून उजवीकडे, आणि भाचीने निळ्यावरचा खाली पाडला, आणि शेवटचा जो होता तो माझ्या पोटात गोळ्या घालत अगदी जवळ आला, इतका जवळ की मला त्याची काच दिसत होती, आणि डॉक्टर माझ्या मागून शांतपणे म्हणाला, "आ करा," आणि झाडली.

निकाल

आमचे तीन उभे. त्यांचे शून्य. माझं यंत्र शेवटच्या सेकंदाला गेलं, पण जागा न सोडता गेलं. लीगमध्ये आलो.

कुरिअरवाला टेबलावर चढून नाचत होता. डॉक्टर त्याला उतरायला सांगत होता, "दात पडतील, माझ्याकडेच यावं लागेल." बाई वहीतून वाचत होती. "ताई, तुम्ही झाडलेल्या गोळ्या बावीस. लागलेल्या चार."

"चार!" भाची डोळे पुसत हसत होती. "मावशे, चार!"

"आणि खाल्लेल्या?"

बाईने बोट खाली नेलं. "त्यांच्या लागलेल्या शंभर गोळ्यांतल्या एकाहत्तर तुम्हाला. बाकीच्या तिघांत मिळून एकोणतीस."

"मार खाण्यात माझा हात कोणी धरणार नाही," मी म्हणाले. हात खरंच दुखत होते, मनगटापासून कोपरापर्यंत, दहा तासांच्या पाळीनंतर दुखतात तसे. चांगले.

तेवढ्यात समोरच्या संघाचा कॅप्टन लाइनवर आला. दमलेला आवाज, पण सभ्य. त्याने अभिनंदन केलं, मग विचारलं, "एक विचारू? तुमचा तो दारातला खेळाडू. सगळा वेळ इतका सारखा वळत होता. कुठला माउस वापरतो?"

भाचीने माइकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "काय सांगू?"

"खरं ते सांग."

तिने हात काढला. "माउस नाही हो. मावशी."

पलीकडे चौघांचं हसू एकदम फुटलं, आणि त्यातलाच एक, ज्याने मला सगळ्यात जास्त मारलं असणार, कळवळून म्हणाला, "मावशी, जरा तरी सरकायचं होतंत!"

"सरकायचं असतं," मी म्हणाले, "तर माउस घेतला असता."